मोकळ्या हवेतही कोरोना गाठेल का? आईला फिरायला न्यावं की नको?

रानजाई – ६ जून २०२१, रात्री ९:४०

राज्यानं निर्बंध उठवायला पाच स्तर ठरवलेत, त्यांतल्या तिसऱ्या स्तराचे नियम उद्यापासून आमच्याकडे लागू होतायत. म्हणजे पहाटे ५ ते सकाळी ९ फिरायला आणि सायकल चालवायला परवानगी. टेकडी घराजवळच आहे. प्रश्न आईचा आहे.

आई सत्तरीला आली. एप्रिलमध्ये समोरच्या विंगमधलं एक कुटुंब पॉझिटिव्ह निघालं, तेव्हापासून तिनं त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्यात. सरकत्या काचांच्या फटीत जुन्या सुती साडीच्या चिंध्या कोंबल्या आहेत. गॅलरीत कपडे वाळत घालायचे तर आधी वाकून बघते, खाली कुणी बोलत उभं नाही ना. मग श्वास रोखून एकेक कपडा दोरीवर टाकते. आत येते तेव्हा चेहरा लाल झालेला असतो. ते कुटुंब केव्हाच बरं झालं, मुलं खाली बॅडमिंटन खेळतात, पण आईच्या खिडक्या काही उघडत नाहीत.

कोविशील्डचा पहिला डोस झालाय. दुसरा, अंतर १२ ते १६ आठवड्यांचं केल्यामुळे पुढे गेला. वर्षानुवर्षं वेताळ टेकडीवर जाणारी बाई आता सोफ्याभोवती फेऱ्या मारते. गुडघे आखडलेत, साखर वाढलीय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते.

तिचं म्हणणं असं, "टीव्हीवर सांगतात हवेतून पसरतो. मग बाहेर सगळी हवाच आहे की!" आणि ह्याच बाई, कामाच्या मावशी आल्या की दार लोटलेल्या स्वयंपाकघरात, दोघींचे मास्क हनुवटीवर, निवांत गप्पा मारतात. मला मनापासून वाटतं की तिची भीती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे. पण मी डॉक्टर नाही. अनुभव, माहिती, विरोधी मत, सगळं लिहा.

पायवाट – ६ जून, रात्री ९:५२

न्या. उजाडायच्या आत निघा. साडेसहानंतर पायथ्याशी गाडी लावायला जागा मिळत नाही इतकी माणसं येतात.

तुळशीकट्टा – ६ जून, रात्री १०:१५

विरोधी मत मी मांडते.

माझे धाकटे दीर एप्रिलमध्ये गेले. चाळिशीतला माणूस, वर्षभर घरून काम. कुणाकडे जाणं नाही, कुणाचं येणं नाही. सकाळी तेवढी कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून भाजी आणायचे, तीही मास्क लावून. शेवटी ऑक्सिजनच्या बेडसाठी आम्ही रात्रभर फोन करत होतो. "बाहेर काही होत नाही" असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

रानजाई, आईंची भीती उगाच नाही. दुसरा डोस होईपर्यंत थांबा. गुडघे नंतर सुधारतील.

नाशिककर७२ – ६ जून, रात्री १०:२१

तुळशीकट्टा ताई, वाचून फार वाईट वाटलं. काळजी घ्या.

सांजवारा – ६ जून, रात्री १०:४०

आमच्याकडे पिशव्यांचं प्रकरण आहे. सासूबाई अजून दुधाच्या पिशव्या साबणानं धुऊन चिमट्याला टांगतात. कालच्या पिशवीवरचा साबण आज चहात उतरला. सासरे म्हणाले, आजचा चहा निर्जंतुक आहे, खुशाल प्या. खूप दिवसांनी घरात सगळे एकत्र हसलो.

श्वसनिका – ६ जून, रात्री ११:३०

मी छातीविकारतज्ज्ञ आहे, विदर्भात प्रॅक्टिस करते. दोन्ही लाटांत कोविड वॉर्डात काम केलंय.

आधी तुळशीकट्टा यांना. तुमच्या दिरांना लागण कुठून झाली हे मला सांगता येणार नाही, आणि कुणी ठामपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. एप्रिलमध्ये संसर्ग इतका पसरला होता की लिफ्ट, जिना, घरातलं लक्षणं नसलेलं माणूस, काहीही असू शकतं. हातगाडीपाशीही झाली असेल. गाडीला खेटून चार जण, समोरासमोर मोठ्यानं भाव विचारणं, मास्क नाकाखाली. म्हणून "बाहेर काहीच होत नाही" असं मी म्हणणार नाही. कुणीच म्हणू नये.

पण बाहेर आणि आत ह्यांतला फरक प्रचंड आहे, आणि तो लोकांपर्यंत नीट पोचलाच नाही ह्याचा मला राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून ह्याकडे लक्ष वेधलं. तरी हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतून, बंदिस्त जागेत लांबवरही संसर्ग होतो हे संघटनेच्या माहितीपानावर स्पष्ट शब्दांत यायला ३० एप्रिल २०२१ उजाडलं. मधलं वर्ष आपण काय केलं? पिशव्या धुतल्या, कुरिअरच्या खोक्यांवर फवारे मारले. अमेरिकेच्या सीडीसी ह्या रोगनियंत्रण संस्थेनं ह्या एप्रिलमध्ये सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. सांजवारा, सासूबाईंना हे जरूर सांगा.

आता "हवेतून" म्हटल्यावर लोकांना वाटलं की बाहेरची हवाच विषारी झाली. रानजाईंच्या आईंचं नेमकं हेच झालंय. विषाणू हवेत तयार होत नाही. तो बाधित माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून, खोकण्यातून येतो. ते कण बंद खोलीत साठत जातात, बाहेर बघता बघता विरळ होतात. चीनच्या संशोधकांनी तिथल्या पहिल्या लाटेतल्या ७,३२४ रुग्णांची माहिती तपासली. तीन किंवा अधिक जणांना एकत्र लागण झाल्याच्या ३१८ घटना सापडल्या, त्या सगळ्या बंदिस्त जागेतल्या. उघड्यावर लागण झाल्याची एकच घटना मिळाली, हेनान प्रांतातली. वुहानहून परतलेल्या माणसाशी एक जण बाहेर उभा राहून बोलला होता. तेव्हा तिथे थंडी होती, लोक घरात कोंडलेले होते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण दिशा कळते.

रानजाई, आईंना न्या. कमी गर्दीच्या वेळी, मास्क खिशात ठेवून. कुणाशी थांबून बोलायचं झालं तर तोंडावर. आणि त्या खिडक्या आधी उघडा. माझ्या दृष्टीनं ते टेकडीपेक्षाही महत्त्वाचं आहे.

हवेशीर – ७ जून, सकाळी ७:१०

श्वसनिका यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी इमारतींच्या वातानुकूलनाचं काम करतो, तेव्हा घरातल्या हवेबद्दल लिहितो.

घराघरांत असतो तो स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरच्या युनिटमधून फक्त उष्णता बाहेर जाते. खोलीतली तीच हवा फिरून फिरून गार होते. म्हणजे खिडक्या लावून एसी चालू केला आणि एक जण बाधित असला, तर सगळे त्याचाच श्वास घेत बसतात. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका उपाहारगृहात जानेवारी २०२० मध्ये हेच झालं. शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं, एसीचा झोत त्या टेबलांवरून फिरत होता, बाहेरून ताजी हवा जवळजवळ नाही. तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली. अमेरिकेत स्कॅजिट व्हॅलीतल्या एका गायनवृंदाचा सराव मार्च २०२० मध्ये बंद सभागृहात अडीच तास चालला. ६१ जण होते, त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे दगावले.

रानजाई, आईंना असं सांगून बघा. बंद स्वयंपाकघरात लाल मिरचीची फोडणी दिली की बाहेरच्या खोलीतला माणूसही खोकतो. तीच फोडणी अंगणातल्या चुलीवर दिली तर चुलीपाशी बसलेल्या बाईशिवाय कुणाला कळतही नाही. चुलीपाशी मात्र ठसका लागतोच, म्हणून बाहेरही कुणाच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलायचं नाही.

गेल्याच महिन्यात, २० मेला, केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं पत्रक काढलं. तुषार दोन मीटरपर्यंत पडतात, सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारं-खिडक्या उघडी ठेवा, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. "दहा मीटर" एवढंच टीव्हीवर वाजलं आणि लोकांनी उरल्यासुरल्या खिडक्याही लावून घेतल्या. सल्ल्याच्या बरोबर उलटं!

पेडलमारू – ७ जून, सकाळी ८:०५

सायकलवाल्यांचं काय? पुढच्या सायकलच्या मागे वीस मीटर अंतर ठेवा असं एक चित्र गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर फिरत होतं. त्या भीतीनं अर्ध्या जणांनी सायकली गुंडाळून ठेवल्या.

श्वसनिका – ७ जून, दुपारी २:२०

ते बेल्जियम-नेदरलँड्समधल्या अभियंत्यांचं संगणकावरचं काम होतं, एप्रिल २०२० मधलं. चालणाऱ्याच्या, पळणाऱ्याच्या, सायकलवाल्याच्या मागे थेंब कसे वाहतात एवढंच त्यात पाहिलं होतं. त्यातून किती जणांना लागण होते हे मोजलेलं नव्हतं. कुणाच्या मागून क्षणभर जाण्यानं जो धोका, तो नगण्य धरा. एकाच्या मागे एक चिकटून तासभर जायचं असेल तर थोडं बाजूनं चालवा. आणि राइड संपल्यावर टपरीवर गोल करून, मास्क काढून चहा पिता ना? लक्ष तिथे द्या.

लालबागचा_पोरगा – ७ जून, रात्री ११:०५

इथे टेकडी, गॅलरी, सोफा वगैरे वाचतोय. आमचंही ऐका.

चाळीतली दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. वडिलांचा बिछाना पलंगावर, आमचे खाली, एक भाऊ कायम बाहेर सामायिक गॅलरीत झोपायचा. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा एकच. गेल्या वर्षी लॉकडाउनमध्ये गॅलरीत उभं राहिलं तरी खालून पोलीस काठी दाखवायचे, "आत व्हा!" आत म्हणजे कुठे? खोलीत आम्ही एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत होतो. मोकळी जागा म्हणजे रस्ता आणि मैदान, आणि नेमकं तेच बंद. मैदानाच्या फाटकाला साखळी घालून कुलूप. त्या साखळीकडे बघत भावानं मार्च ते जून काढले.

जुलै २०२० मध्ये मुंबईत सेरो सर्वेक्षण, म्हणजे किती जणांना लागण होऊन गेली हे बघणारी रक्ततपासणी, झालं, दहिसर, चेंबूर, माटुंगा ह्या तीन वॉर्डांत. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी मिळाल्या, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. शहर एकच, बाहेरची हवाही तीच. फरक कुठे होता? खोलीत आणि संडासाच्या रांगेत.

"घरी राहा, सुरक्षित राहा" ही पाटी ज्यांनी लिहिली त्यांच्या घराला खिडक्या असतील.

सांजवारा – ७ जून, रात्री ११:२०

लालबाग, हे वाचून गप्प झाले. सगळ्यांनी वाचायला हवं.

हवेशीर – ८ जून, सकाळी ६:५०

+१. मैदानं बंद ठेवण्याची चूक जगात अनेक शहरांनी केली. आत्ताचा ५ ते ९ चा नियमही मला पटत नाही. दिवसभर विखुरली असती ती माणसं चार तासांत एकाच वाटेवर येतात. मोकळी जागा जितका जास्त वेळ उघडी तितकी गर्दी कमी.

नाशिककर७२ – ८ जून, सकाळी ९:३०

हवेशीर, हे बोलायला सोपं आहे. गेल्या जूनमध्ये मुंबईत फिरायला परवानगी दिली आणि पहिल्याच शनिवार-रविवारी मरीन ड्राइव्हवर केवढी झुंबड उडाली. पुन्हा टाळेबंदी लावावी लागेल असं मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं. आपली माणसं मोकळीक मिळाली की एकमेकांना चिकटतात. आणि ह्या एप्रिलमधला हरिद्वारचा कुंभ? गंगेचा काठ मोकळ्या हवेतच होता ना?

श्वसनिका – ८ जून, रात्री १०:४५

नाशिककर, कुंभाचा मुद्दा रास्त आहे. उघड्यावरची दाट गर्दी, तासन्‌तास, मास्कशिवाय, घोषणा देत, ही धोक्याचीच. पण कुंभाला गेलेला माणूस फक्त घाटावर नसतो. तो रेल्वेच्या डब्यात असतो, तंबूत दहा जणांत झोपतो, पंगतीत जेवतो, बसनं परत येतो. प्रचारसभांचंही तेच.

लग्नांबद्दलही सांगते. नियम २५ माणसांचा आणि दोन तासांचा होता. मी पाहिलेल्या कितीतरी रुग्णांच्या घरचं लग्न "शेतात, मोकळ्यावर" झालेलं होतं. खोदून विचारलं की कळायचं, मांडवाला तिन्ही बाजूंनी कनाती, आत कूलर, आणि आदल्या रात्री हळदीला सगळी भावकी एकाच घरात. वर छत आणि भोवती पडदे असले की ते बाहेर राहत नाही.

फणसवाडी – ९ जून, सकाळी ७:४०

श्वसनिका, आमच्या गावातलंच सांगितलंत. कोकणात प्रत्येकाला खळं आहे, परसू आहे, वाऱ्याला तोटा नाही. तरी मे महिन्यात वाडीच्या वाडी आजारी पडली. कारण एकच, मयताला भेटायला गेलेली माणसं ओटीवर न बसता माजघरात बसली. ती रीतच आहे. खळ्यातून परत फिरलं तर लोक काय म्हणतील? आता आमच्या वाडीत ठरवलंय, खुर्च्या खळ्यातच मांडायच्या. आत कुणी जायचं नाही, घरचं माणूस बाहेर येऊन भेटेल. सुरुवातीला म्हातारी माणसं रागावली. आता तीच पोरांना दटावतात.

डब्लिनवासी – ९ जून, दुपारी ४:१०

गंमत म्हणजे इथे आयर्लंडमध्येही परवा ७ तारखेलाच हॉटेलांच्या बाहेरची टेबलं उघडली. आत बसून खायला अजून बंदी आहे. म्हणजे आत-बाहेर हा फरक इथे निदान नियमांत तरी उतरला. तोही उशिराच, कारण बरेच महिने आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती, मग समोर निर्जन डोंगर का असेना.

एप्रिलमध्ये इथल्या वृत्तपत्रात आकडा आला होता. २,३२,१६४ रुग्णांपैकी फक्त २६२ जणांचा संसर्ग उघड्यावरच्या ठिकाणांशी जोडता आला. हजारात एक. अर्थात रस्त्यात कुणाकडून लागण झाली हे शोधणं अवघड असतं आणि घरातली पटकन सापडते, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्त असणार. पण दसपट धरला तरी शंभरात एकच.

यमुनातीरी – ९ जून, रात्री ९:१५

दिल्लीचा अनुभव. इथे एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी हीसुद्धा सार्वजनिक जागा, एकटा माणूस असला तरी मास्क हवा. दंड दोन हजार. माझे यजमान काचा बंद करून एकटेच ऑफिसला जायचे, मास्क लावून. ऑफिसात पोचलं की बंद कॉन्फरन्स रूममध्ये जेवणाचे डबे उघडायचे, सगळ्यांचे मास्क खाली. तिथे दंड करायला कुणी नाही. रानजाईंच्या आई एकट्या नाहीत, सगळ्या व्यवस्थेचीच भीती चुकीच्या जागी बसली होती.

आबाजी_सातारकर – १० जून, सकाळी ६:१५

मुलांनो, जरा विषयांतर करतो. वय ऐंशीच्या पुढे आहे, तेव्हा चालवून घ्या.

माझी आजी प्लेगच्या आठवणी सांगायची. १८९६ मध्ये मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. पुढे कैक वर्षं गावोगाव फिरत होता. घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून माळावर जायचे. तुराट्यांच्या, कडब्याच्या झोपड्या बांधायचे, चुली मांडायचे, गुरंसुद्धा तिकडेच. गावात शुकशुकाट. साथ ओसरली की घर सारवून परत. आजीचा एक भाऊ माळावरच जन्मला. आजाराला भिऊन माणूस उघड्यावर जायचा, आता उघड्याला भिऊन घरात बसतो, हे बघून मला नवल वाटतं.

पुण्यातल्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला देह ठेवला. त्यांच्या मुलानं, डॉक्टर यशवंतरावांनी, दवाखाना काढला होता तोही गावाबाहेर, मोकळ्या माळावर.

श्वसनिका – १० जून, दुपारी ३:००

आबाजी, तुमचं विषयांतर नेहमी हवंच असतं. एक फरक सांगते. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे व्हायचा, म्हणून घर सोडल्याचा फायदा व्हायचा. हवेचा संबंध क्षयाशी जास्त जवळचा. औषधं नव्हती तेव्हा क्षयाच्या रुग्णांना मोकळ्या हवेत ठेवायचे. मिरजेची, पाचगणीची जुनी आरोग्यधामं त्याच काळातली. रुंद व्हरांडे, उंच छत, समोरासमोर खिडक्या. आमच्या हॉस्पिटलचा जुना क्षयवॉर्ड तसाच आहे, आणि दुसऱ्या लाटेत मला तिथे उभं राहताना नव्या वातानुकूलित वॉर्डापेक्षा कमी भीती वाटायची.

वीणा_चिपळीची – १२ जून, सकाळी ८:३०

विषय मोकळ्या हवेचा आहे म्हणून विचारते. यंदाही वारी नाही, मानाच्या दहा पालख्या बसनं पंढरपूरला जाणार, असं काल जाहीर झालं. आम्ही उन्हापावसात उघड्यावरच चालतो. मग बसपेक्षा चालणं बरं ना? मन फार खातंय. पायी वारी चुकण्याचं हे दुसरं वर्ष.

श्वसनिका – १२ जून, रात्री ९:५०

माऊली, चालण्याचा धोका कमीच. पण वारी मुक्कामाला गावात उतरते, शाळांत, देवळांत, घराघरांत लोक दाटीनं झोपतात. लाखोंना अजून लस नाही आणि वाटेवरच्या गावांत ऑक्सिजनची सोय तुटपुंजी. ह्या वर्षी नको, असं मी जड मनानं म्हणेन. तुमच्या गावातल्या पाच-सहा जणींनी पहाटे शेतरस्त्यानं अभंग म्हणत चालायला माझी डॉक्टर म्हणून काहीच हरकत नाही. अंतर ठेवून.

रानजाई – १३ जून, सकाळी ११:००

सगळ्यांचे मनापासून आभार. सविस्तर लिहिते.

आकड्यांनी काही हललं नाही. चीन, आयर्लंड सगळं वाचून दाखवलं, आई म्हणाली, "ते गोरे लोक, त्यांची हवा वेगळी." लालबागची पोस्ट वाचली तेव्हा मात्र ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरांना खिडकी नाही आणि मी असून बंद करून बसलेय." हवेशीर यांचं फोडणीचं तिला लगेच पटलं. त्याच दुपारी चिंध्या निघाल्या. मावशींशी गप्पा आता गॅलरीत होतात, एक स्टूल इकडे, एक तिकडे.

टेकडीवर गेलो. पायथ्याशी थोडी गर्दी होती तिथे तिनं मास्क घट्ट धरून ठेवला. वर खाणीच्या बाजूला वळल्यावर कुणी नव्हतं, तरी काढला नाही. मीही आग्रह केला नाही. तिथे तिची जुनी मैत्रीण भेटली. दोघी वाटेच्या दोन कडांना उभ्या राहून इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की एक मोर ओरडून पळाला. दुसऱ्या दिवशी म्हणाली नको, पाय दुखतात. काल पुन्हा आली. भीती गेलेली नाही, पण ती आता लिफ्टमध्ये एकटीच चढते, दुसरं कुणी असेल तर थांबते. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आता नवीन अडचण. पाऊस सुरू झालाय, खिडक्यांतून झड आत येते. काय करू?

हवेशीर – १३ जून, दुपारी १२:४०

वा, फार बरं वाटलं!

पावसाचं असं करा. वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, झड त्या बाजूनं येत नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा कुणी आलं-गेलं असेल तेव्हा चालू ठेवा आणि ते गेल्यावरही अर्धा तास. तो हवा बाहेर फेकतो, तेवढीच खिडकीतून आत येते. छताचा पंखा नुसता हवा घुसळतो, बदलत नाही. म्हणून खिडकी बंद करून फक्त छताचा पंखा लावण्यात अर्थ नाही.

पायवाट – १३ जून, दुपारी १:१५

आमच्या बाथरूमचा एक्झॉस्ट इमारतीच्या डक्टमध्ये उघडतो. तिथून दुसऱ्यांची हवा आपल्याकडे येत असेल का?

हवेशीर – १३ जून, दुपारी २:००

चांगला प्रश्न. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. तपासात दिसलं की बाथरूमच्या जमिनीतल्या जाळ्यांखालचं पाणी सुकलं होतं, आणि एक्झॉस्ट लावला की सांडपाण्याच्या पाइपातली हवा घरात ओढली जात होती. जाळीखालचं ते पाणीच पाइपातली हवा अडवतं. म्हणून वापरात नसलेल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे त्या जाळीत, आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतत जा. बाथरूमचा एक्झॉस्ट लावाल तेव्हा घरातली एखादी खिडकी उघडी ठेवा, म्हणजे हवा तिथून येईल, पाइपातून नाही.

तुळशीकट्टा – १३ जून, रात्री १०:३०

रोज वाचत होते, लिहायला धीर होत नव्हता. माझी जाऊ एप्रिलपासून खोलीबाहेर आलेली नाही. जेवणाचं ताट दारात ठेवावं लागतं. तिला वाटतं बाहेरच्या हवेनंच नेलं त्यांना, आणि आता मुलांनाही नेईल. मुलांना खिडकीशी उभं राहू देत नाही. श्वसनिका, मी तिला गच्चीवर घेऊन गेले तर चालेल का? मास्क दोघींनी लावायचा का? आम्ही एकाच घरात राहतो.

श्वसनिका – १३ जून, रात्री १०:५५

चालेल, नक्की न्या. एकाच घरातल्या असाल, कुणाला लक्षणं नसतील आणि गच्चीवर दुसरं कुणी नसेल तर मास्कची गरज नाही. तिला लावून बरं वाटत असेल तर लावू द्या. लिफ्टऐवजी जिन्यानं जा. पहिल्या दिवशी पाच मिनिटंही पुरे, मुलांना बरोबर घ्या. आणि तिला झोप, भूक अजिबात नसेल किंवा ती जगण्याबद्दल काही वेगळं बोलत असेल तर वाट बघू नका, मला इथेच निरोप पाठवा. तुमच्या शहरात मानसोपचारतज्ज्ञ कोण भेटेल ते मी उद्या सकाळी बघून देते.